अडला हरी आणि 'सी'चा प्रोग्रॅम

इंजिनिअरिंगला आलो म्हणजे आता मशीन, मोटार, पूल असल्या दणकट गोष्टींशीच गाठ, असं समजून जे आले असतील त्यांचा पहिल्याच वर्षी भ्रमनिरास होतो. ब्रँच कुठलीही असो, प्रोग्रॅमिंग काही चुकत नाही! एआयसीटीईने २०१८ साली जो मॉडेल अभ्यासक्रम काढला, त्यातही 'प्रोग्रॅमिंग फॉर प्रॉब्लेम सॉल्व्हिंग' हा विषय सगळ्या ब्रँचच्या पहिल्या वर्षाला ठेवलेला आहे. म्हणजे सिव्हिलवाला असो की केमिकलवाली, प्रत्येकाला एकदा तरी त्या काळ्या पडद्यासमोर बसावंच लागतं.

मी मेकॅनिकलची, थर्ड इयरची. लेथवर फिरणारा जॉब पाहायला मला जितकं आवडतं, तितकं लुकलुकणाऱ्या कर्सरकडे पाहायला मुळीच आवडत नाही. तरीही गेलं वर्षभर आमच्या हॉस्टेलच्या फर्स्ट इयरच्या मुली प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्री माझ्याच खोलीवर येतात. कारण सोपं आहे. कॉम्प्युटरच्या टॉपरला विचारायचा संकोच वाटतो. 'हिलाही हे आवडत नाही, म्हणजे ही आपल्याला हसणार नाही,' असा त्यांचा हिशेब असतो!

ह्या वर्षभरात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मदत मागणाऱ्या सगळ्यांना मदत मिळते, पण उपयोग सगळ्यांना होत नाही. कुणी पंधरा मिनिटांत शंका सोडवून घेऊन जातं आणि पुन्हा त्या शंकेसाठी येत नाही. कुणी रोज येतं, जर्नल पूर्ण करतं आणि तरीही प्रॅक्टिकल परीक्षेला कोरं बसतं. फरक हुशारीचा नाही. फरक आहे मदत कशी मागितली ह्याचा. आणि मदत मागणं ही शिकण्याची गोष्ट आहे, अगदी थर्मोडायनॅमिक्ससारखी! म्हणून हा लेखप्रपंच.

मदतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार, तयार प्रोग्रॅम. सीनियरची फाइल घ्यायची, नाव आणि रोल नंबर बदलायचा, प्रिंट काढायची, जर्नलला लावायची. आयत्या बिळावर नागोबा! सबमिशन होतं, सही मिळते. मग एक्स्टर्नल येतात, एका ओळीवर बोट ठेवतात आणि विचारतात, "ही ओळ काढली तर काय होईल?" बस्स. तिथे नागोबाची दातखीळ बसते.

दुसरा प्रकार, दुरुस्त प्रोग्रॅम. प्रोग्रॅम तुम्हीच लिहिलेला असतो, पण चालत नाही. तुम्ही मैत्रिणीला बोलावता. ती कीबोर्ड आपल्याकडे ओढते, टकटक टकटक करते आणि म्हणते, "हं, झालं बघ." आउटपुट बरोबर येतं, सगळे खूश. पण काय बदललं आणि का बदललं ते तुम्हाला ठाऊक नसतं. पुढच्या वेळी तीच मैत्रीण हवी!

तिसरा प्रकार, दुरुस्तीची वाट. समोरची व्यक्ती कीबोर्डला हात लावत नाही. ती विचारते, "ह्या ओळीनंतर बेरजेची किंमत किती असेल? कागदावर काढून दाखव." तुम्ही काढता आणि अर्ध्यातच ओरडता, "अरेच्चा!" ह्या मदतीला दहा मिनिटं जास्त लागतात, पण ती पुरते.

तिसऱ्या प्रकारची मदत मिळणं बरंचसं आपल्याच हातात असतं. "माझा प्रोग्रॅम चालत नाही" असं म्हणून गेलात तर देणारा बिचारा पहिल्या नाहीतर दुसऱ्या प्रकाराकडेच वळणार. त्यालाही त्याचं सबमिशन असतंच की!

विचारण्याआधीची पंधरा मिनिटं

उठून कुणाकडे जाण्याआधी तीन गोष्टी करा.

पहिली गोष्ट : पहिली एरर वाचा. फक्त पहिली. प्रोग्रॅम कंपाइल केला आणि एकदम सतरा एरर आल्या की पोटात गोळा येतो. पण एखादा अर्धविराम राहिला किंवा महिरपी कंस बंद झाला नाही, तर कंपायलर पुढच्या चांगल्या ओळींनाही नावं ठेवतो. पहिली एरर दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा. कधी कधी सतराच्या दोन होतात. आणि एररमध्ये जो ओळीचा क्रमांक दिलेला असतो त्याच्या वरची ओळही पाहा. राहिलेला अर्धविराम बऱ्याचदा वरच्या ओळीत असतो आणि बोंब खालच्या ओळीच्या नावाने होते.

दुसरी गोष्ट : ड्राय रन करा, म्हणजे प्रोग्रॅम कागदावर चालवा. समजा, दिलेली संख्या मूळ संख्या आहे की नाही ते सांगायचं आहे. एका मुलीने असं लिहिलं होतं : 'आय'ची किंमत २ पासून त्या संख्येच्या एक कमीपर्यंत फिरवायची, बाकी शून्य आली तर 'मूळ नाही' छापायचं, नाहीतर 'मूळ आहे' छापायचं. ऐकायला ठीक वाटतं ना? आता संख्या ९ घ्या आणि कागदावर दोन रकाने करा.

आय = २, बाकी १ : 'मूळ आहे'
आय = ३, बाकी ० : 'मूळ नाही'
आय = ४, बाकी १ : 'मूळ आहे'
आय = ५, बाकी ४ : 'मूळ आहे'

असं करत ८ पर्यंत जा. एकूण सात ओळी छापल्या जातात, त्यांतल्या सहा म्हणतात ९ ही मूळ संख्या आहे आणि एकच खरं बोलते! कॉम्प्युटर बिघडलेला नाही. आपण निकाल लूपच्या आत लावला आहे, म्हणजे एकेक पेपर तपासून झाला की लगेच वर्षाचा निकाल जाहीर करण्यासारखं. उपाय काय? लूपच्या आधी एक खुणेचा व्हेरिएबल १ ठेवायचा. लूपमध्ये कुठेही बाकी शून्य आली की तो ० करायचा. निकाल लूप संपल्यावर, एकदाच. हे तिला मी सांगितलं नाही. चौथ्या ओळीपर्यंत पोचता पोचता तिनेच सांगितलं.

तिसरी गोष्ट : मध्येमध्ये किंमती छापून पाहा. उत्तर चुकतंय पण कुठे ते कळत नसेल, तर प्रत्येक टप्प्यानंतर एक प्रिंटएफ टाका. वर्कशॉपमध्ये पूर्ण जॉब झाल्यावरच व्हर्नियर लावतो का आपण? प्रत्येक कटनंतर माप घेतो. इथेही तेच. माप जिथे पहिल्यांदा चुकेल त्याच्या आसपासच दोष असणार.

ह्या तीन गोष्टींत निम्म्याहून जास्त शंका तिथल्या तिथे मिटतात, असा माझ्या खोलीवरचा अनुभव आहे. उरलेल्या घेऊन मग खुशाल उठा.

प्रश्न कसा विचारायचा

चांगल्या प्रश्नात पाच गोष्टी असतात. मला काय करायचं होतं? मी इनपुट काय दिलं? काय यायला हवं होतं? प्रत्यक्षात काय आलं? आणि मी आतापर्यंत काय करून पाहिलं?

आता एक खराखुरा प्रश्न पाहा. गेल्या सेमिस्टरला एक ज्युनिअर दारातूनच म्हणाली, "ताई, माझा फॅक्टोरियल गंडलाय!" मी म्हटलं, "बस आधी. कुठल्या संख्येला गंडतो?" तिला ते सांगता येईना. मग तिला खोलीवर परत पाठवलं आणि १ पासून एकेक संख्या देऊन उत्तरं वहीत लिहायला सांगितली. अर्ध्या तासाने ती परत आली ती हा प्रश्न घेऊन : "ताई, १ ते ७ पर्यंत उत्तर बरोबर येतं. ७ ला ५,०४० आलं. ८ ला ४०,३२० यायला हवं, पण उणे २५,२१६ येतं. सीनियरचा प्रोग्रॅमही चालवून पाहिला, तोही तेच दाखवतो. पण सीनियर म्हणते तिच्या लॅपटॉपवर ८ चं उत्तर बरोबर येतं!"

बघा, आता हा प्रश्न अर्धा सुटलेलाच आहे. ती टर्बो सीवर काम करत होती. टर्बो सी हा डॉसच्या काळातला, बोर्लंड कंपनीने १९८७ साली आणलेला कंपायलर, आणि काही लॅबमध्ये तो अजूनही आहे. त्यात 'इंट' प्रकारच्या व्हेरिएबलला १६ बिट मिळतात. १६ बिटांत ६५,५३६ वेगवेगळ्या किंमती बसतात, त्या उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत. ४०,३२० त्यात मावत नाही. मग जुन्या गाडीचं किलोमीटरचं मीटर जसं ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं, तसं इथे मीटर फिरून उणे बाजूला जातं. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा. उणे २५,२१६! तिच्या वहीतला आकडा अगदी तंतोतंत आला तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

आणि सीनियरच्या लॅपटॉपचं काय? तिच्याकडे जीसीसी कंपायलर होता, त्यात इंटला ३२ बिट असतात. तिथे कमाल किंमत २,१४,७४,८३,६४७. म्हणून १२ चं फॅक्टोरियल, ४७,९०,०१,६००, बरोबर येतं. पण १३ ला तोच घोटाळा. उत्तर हवं ६,२२,७०,२०,८०० आणि पडद्यावर येतं १,९३,२०,५३,५०४. हे तर जास्त वाईट, कारण उणे चिन्ह नाही, आकडा भारदस्त आहे, चुकलाय अशी शंकासुद्धा येत नाही.

म्हणजे एकच प्रोग्रॅम, एकाच्या मशीनवर बरोबर आणि दुसऱ्याच्या मशीनवर चूक. "सीनियरचा आहे, चालतोच" ह्या वाक्यात किती अर्थ उरला ते तुम्हीच ठरवा.

एका रॉकेटची गोष्ट

हे फक्त जर्नलपुरतं आहे असं वाटत असेल तर एक खरी घटना सांगते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानामधल्या कुरूच्या तळावरून युरोपचं एरियान-५ हे नवं रॉकेट पहिल्यांदा झेपावलं आणि सुमारे ४० सेकंदांत वाट सोडून आकाशातच फुटलं. चौकशी झाली. रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेत ६४ बिटांची एक दशांश किंमत १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जात होती. आपल्या फॅक्टोरियलसारखीच ती मावली नाही. फरक एवढाच की आपला प्रोग्रॅम मुकाट्याने चुकीचं उत्तर छापतो. तिथे सगळी यंत्रणाच बंद पडली. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रणेत हुबेहूब तेच सॉफ्टवेअर होतं, त्यामुळे तीही तशीच पडली.

ते सॉफ्टवेअर आलं कुठून? एरियान-४ कडून. म्हणजे सीनियरकडून! एरियान-४ वर ते व्यवस्थित चाललं होतं. पण एरियान-५ जास्त ताकदवान, त्याचा आडवा वेग सुरुवातीलाच जास्त वाढत होता. जुना प्रोग्रॅम कुठल्या मर्यादेत बरोबर आहे, हे नव्या रॉकेटसाठी पुन्हा तपासलं गेलं नाही.

ती माणसं काही आपल्यासारखी फर्स्ट इयरची नव्हती. दुसऱ्याचा चालणारा प्रोग्रॅम वापरण्यात पाप नाही, सगळं जग वापरतं. पण तो का चालतो आणि कुठपर्यंत चालतो हे ठाऊक नसेल, तर तो आपला होत नाही. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण उद्या बीमची किंवा बॉयलरची गणितं आपण कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरवरच करणार आहोत. कोड लिहायचा नसला तरी उत्तरावर सही आपलीच असणार!

नेहमीचे पाच पाहुणे

माझ्या खोलीवर येणाऱ्या शंकांत हे पाचजण हमखास असतात. ओळख करून ठेवा.

एक, पूर्णांकाचा भागाकार. फॅरनहाइटचं सेल्सिअस करताना ५ / ९ * (फॅ - ३२) असं लिहिलं की ताप कितीही असो, उत्तर शून्य! कारण ५ आणि ९ दोन्ही पूर्णांक, त्यांच्या भागाकारातला दशांश भाग सी टाकून देते आणि उरतं शून्य. ५.० / ९ लिहा, मग २१२ चे १०० होतील. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची ह्यांच्या १९७८ सालच्या सुप्रसिद्ध पुस्तकात पहिल्याच प्रकरणात हे समजावलेलं आहे. रिची म्हणजे खुद्द सीचे जन्मदाते. त्यांनासुद्धा हे सांगावंसं वाटलं, म्हणजे सगळ्यांचं इथे अडत असणारच.

दोन, स्कॅनएफमधला & विसरणं. प्रिंटएफला किंमत पुरते, पण स्कॅनएफला किंमत नेऊन ठेवायची असते. पोस्टमनला तुमचं वय सांगून उपयोग नाही, पत्ता लागतो. & म्हणजे त्या व्हेरिएबलचा पत्ता. तो दिला नाही तर पत्र कुठेतरी भलतीकडे पडतं. कधी कचरा किंमत येते, कधी प्रोग्रॅमच बंद पडतो.

तीन, = आणि ==. पहिल्याचा अर्थ 'ठेव', दुसऱ्याचा अर्थ 'सारखे आहेत का?'. इफमध्ये (अ = ५) लिहिलं तर प्रोग्रॅम विचारत नाही, सरळ अ मध्ये ५ ठेवतो. आणि सीमध्ये शून्य सोडून काहीही 'खरं', त्यामुळे अट नेहमीच खरी ठरते.

चार, फॉरच्या कंसानंतरचा अर्धविराम. हा फार छुपा. त्या अर्धविरामाने लूपचं पोट तिथेच संपतं. लूप दहा वेळा रिकामाच फिरतो आणि खालची ओळ एकदाच चालते. कंपायलर बहुधा काहीही बोलत नाही.

पाच, ॲरेचा शेवट. दहा घरांच्या ॲरेत घरांचे नंबर ० ते ९. दहा नंबरचं घर आपलं नाही! सी तुम्हाला अडवत नाही, शेजाऱ्याच्या घरात खुशाल शिरू देते, आणि मग भलताच व्हेरिएबल बदललेला दिसतो.

इंग्रजीचा बागुलबुवा

आता जरा मनातलं. माझी एक मैत्रीण बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली. गणितात ती माझ्या चार पावलं पुढे. पण लॅबमध्ये ती कधी हात वर करत नसे. "मला प्रश्न इंग्रजीतून मांडता येत नाही गं, आणि एररही इंग्रजीत असते. तुझं बरं आहे, तू कॉन्व्हेंटची," असं म्हणायची.

खरं सांगू? सीची एक नेहमीची एरर आहे, 'एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड'. बारा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढूनही ती वाचून मला काडीचाही बोध झाला नव्हता. शाळेत आम्हाला डॅफोडिल्स शिकवले, एल-व्हॅल्यू नाही! ही इंग्रजी सगळ्यांनाच परकी आहे. तिचा अर्थ साध्या मराठीत असा : = च्या डावीकडे किंमत ठेवता येईल असा डबा हवा. 'क = अ + ब' चालेल, कारण क हा डबा आहे. 'अ + ब = क' चालणार नाही, कारण अ + ब हा डबा नाही, ती बेरीज आहे. गणितात दोन्ही सारखंच, पण सीमध्ये नाही. हे त्या मैत्रिणीला एकदा मराठीत सांगितलं आणि तिने मला त्याच दमात पॉइंटर समजावून सांगितले!

तेव्हा शंका मराठीतून विचारा, बिनधास्त. बरेचसे सर आणि लॅब असिस्टंट मराठीतच उत्तर देतील. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाचे सीचे छोटे छोटे धडे मराठी आवाजातही आहेत आणि ते फुकट आहेत. पुस्तकांत नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं 'लेट अस सी' लायब्ररीत असतंच. इंग्रजी सोपी आहे, प्रकरणाशेवटचे प्रश्न तर सोडवाच. भाषेमुळे जो गप्प बसतो त्याचं नुकसान परीक्षेच्या मार्कांपुरतं राहत नाही. 'हे आपल्यासाठी नाहीच' असं त्याच्या मनात बसतं, आणि ते खोडायला मग चार वर्षंही पुरत नाहीत.

कुणाला विचारायचं?

सगळ्यात आधी स्वतःला, मोठ्याने. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस ह्यांच्या १९९९ सालच्या 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' ह्या पुस्तकात एका प्रोग्रॅमरचा किस्सा आहे. तो टेबलावर रबरी बदक ठेवायचा आणि त्याला आपला कोड ओळीओळीने समजावून सांगायचा. सांगता सांगता चूक सापडायची! आमच्या हॉस्टेलवर बदक कुठून आणणार? टेबलावरचा गणपती आहे. बुद्धीची देवताच ती, ऐकून घेते. गंमत सोडा, पण मोठ्याने बोललं की आपण ओळ 'गृहीत' धरत नाही, खरोखर वाचतो.

मग बॅचमेट. दोघांनाही येत नसेल तर उत्तमच, कारण कुणीच तयार उत्तर देऊ शकत नाही! मग लॅब असिस्टंट आणि सर. सरांना प्रॅक्टिकलच्या वेळेतच विचारा, सबमिशनच्या दिवशी नको. त्या दिवशी त्यांच्या टेबलापाशी राशनच्या दुकानासारखी रांग असते. सीनियर सगळ्यात शेवटी, आणि त्यांच्याकडे फाइल मागू नका, वेळ मागा. दहा मिनिटं पुरतात.

आणि चॅटजीपीटी? ३० नोव्हेंबर २०२२ ला ते आलं आणि आता त्याच्यासारखी बरीच आली आहेत. न झोपणारा, न चिडणारा सीनियरच म्हणा. त्याला प्रश्न टाकला की अख्खा प्रोग्रॅम समोर येतो, म्हणजे मदतीचा पहिला प्रकार, तोही सुपरफास्ट! पण त्याच्याकडून तिसऱ्या प्रकारची मदतही घेता येते. त्याला स्पष्ट सांगा : "उत्तर देऊ नकोस. माझ्या कोडमध्ये कुठल्या ओळीकडे पाहू तेवढं सांग." किंवा "ह्या एररचा अर्थ मराठीत सांग." आणि त्याने सांगितलेलं चालवून तपासा, कारण तेही कधी कधी चुकीचं उत्तर छातीठोकपणे देतं. प्रॅक्टिकल परीक्षेला ते शेजारी बसणार नाही, एवढं मात्र नक्की.

चुकांची वही

शेवटची युक्ती, सगळ्यात स्वस्त. एक दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक शंका सुटली की तीन ओळी लिहा : काय दिसलं, कारण काय निघालं, कसं दुरुस्त केलं. ही काही माझी कल्पना नाही. ९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेत हार्वर्ड मार्क-२ ह्या कॉम्प्युटरच्या रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणायची पद्धत त्याआधीपासून होती, थॉमस एडिसननेही तो शब्द वापरलेला आहे. पण इथे खराच किडा निघाला! तिथल्या मंडळींनी काय केलं? तो टेपने लॉगबुकात चिकटवला आणि वेळ लिहून नोंद केली. ते लॉगबुक आज अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवलेलं आहे. एवढे मोठे लोक चूक लपवत नव्हते, चिकटवून ठेवत होते!

आमच्या त्या फॅक्टोरियलवाल्या ज्युनिअरने अशी वही केली आहे. पहिल्या पानावर लिहिलंय, 'उणे २५,२१६'. आता तिच्या बॅचच्या मुली आधी तिच्याकडे जातात आणि माझी रात्रीची झोप वाढली आहे, हा आणखी एक फायदा.

'अडला हरी गाढवाचे पाय धरी' असं आपल्याकडे म्हणतात. प्रोग्रॅमिंगमध्ये हरी रोजच अडतो, अगदी मोठमोठ्या कंपन्यांतलासुद्धा. पाय धरायची वेळ आलीच तर हातात वही असू द्या, वहीत इनपुट-आउटपुट असू द्या आणि तोंडात एक नेमका प्रश्न असू द्या. नावडता विषय आवडता होईलच असं मी म्हणणार नाही. मला अजूनही लेथच आवडतं! पण तो पास होण्यापुरता आणि समजण्यापुरता आपला नक्की होतो.

तर मग, पुढच्या प्रॅक्टिकलला फाइल मागायच्या ऐवजी १ ते ८ आकडे टाकून पाहणार ना? ऑल द बेस्ट!